तेवीस ठिपके

कोल्हापूर,
मंगळवार

प्रिय धैर्यशील,

एरवी मी पहिल्याच ओळीत आशीर्वाद लिहिते. आज ते मागे ठेवलेत. पत्र संपेपर्यंत राग उतरला तर शेवटी लिहीन. आधी कामाचं वाच. तुझ्या त्या दोस्ताच्या, विजयसिंहाच्या नव्या हॉटेलात तू तुझ्या आबांनी काढलेले जे तेवीस फोटो भिंतीला लावून घेतलेस, ते रविवारच्या आत खाली उतरले पाहिजेत. सगळे. भिंत कोरी झाली तरच मी आबांना सत्काराला घेऊन येईन. नाहीतर ती शाल आणि तो नारळ तिथंच कुणाला तरी देऊन टाक, आणि माईकवरून सांग की म्हाताऱ्यानं यायला नकार दिला.

फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर माझा आवाज चढतो, आणि काचबिंदूनं डोळे गेल्यापासून तुझ्या आबांचे कान असे झालेत की मी मागच्या खोलीत गॅस बारीक केला तरी त्यांना कळतं. त्यांना यातलं काही कळायला नको आहे. शेजारचे आण्णा उद्या सकाळच्या गाडीनं लेकीकडं पुण्याला निघालेत, त्यांच्या हातात हे पत्र देणार आहे. टपालाचे पैसे वाचवले म्हणून हसू नकोस. उद्याच्या उद्या तुला मिळावं म्हणून. अंबाबाईचं दर्शन करून आले, चपात्या उरकल्या आणि बसले लिहायला. आबा दारात पायरीवर ऊन खात बसलेत. पेनचा आवाजही ऐकला त्यांनी. "काय लिवतीस गं एवढं?" म्हणाले. "हिशेब," म्हटलं. "कुणाचा?" म्हणाले. मी पान उलटलं.

मला कळलं कसं ते सांगते. आण्णांची सून त्या हॉटेलात नोकरीची विचारपूस करायला गेली होती. येताना मोबाइलवर भिंतींचे फोटो काढून आणले, आणि मोठ्या कौतुकानं मला दाखवायला आली. "मावशी, काकांचं नाव न्हाय कुठं, पर फोटो त्यांचंच वाटत्यात. बघा की." मी चष्मा लावून बघितलं. पहिला बघितला, दुसरा बघितला, तिसऱ्यालाच मोबाइल तिच्या हातात परत ठेवला. तिला चहासुद्धा विचारला नाही मी. दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं, कपिलतीर्थाला भाजी आणायला जाते, आणि पिशवी घेऊन थेट हायवेला गेले. गेटवरचा माणूस म्हणाला, "मावशी, हॉटेल रविवारी सुरू हुतंय, आत्ता न्हाय." मी म्हटलं, "जेवायला न्हाय आले रे बाबा. माझ्या घरातलं सामान तुमच्याकडं आलंय, ते बघायला आले." तो बाजूला झाला. माझं तोंड बघूनच झाला असणार.

भिंती बघितल्या. काय थाट केलाय! पितळी दिवे, जुन्या टांग्याचं एक चाक, फेटे बांधलेली पोरं. आणि दिव्याखाली ती माणसं, एकेक माझ्याएवढी मोठी करून टांगलेली. खाली विनोद लिहिलेत. विजयसिंह आला, पाया पडला, खुर्ची दिली, सोलकढी दिली. मी सांगितलं, हे फोटो काढ. तो हसला. म्हणाला, "काकू, लोकांना आता जुनं कोल्हापूर पायजे. आम्ही आठवणी वाढतोय ताटात." मी म्हटलं, कुणाच्या आठवणी, आणि कुणाला विचारून? तर म्हणाला, "सगळं धैर्यानं निवडलंय की. म्हणाला, हजारो फोटोंत आईनं लाल टिकली लावून वेगळी काढलेली तेवीस पाकिटं हायत, म्हणजे काकांची सगळ्यात आवडती. आम्ही दुसरं पाकीट उघडलंबी न्हाय."

धैर्यशील, तो ऐकवत होता आणि मी ती सोलकढी तशीच खाली ठेवली. माझ्या हातानं लावलेलं कुंकू. तू त्याला बक्षिसाची खूण समजलास. ती दाराची कडी होती रे.

आता ती खूण काय ते ऐक. एकेचाळीस वर्षांत तुला सांगितलं नाही ही माझी चूक, ती मी पुढं कबूल करणार आहे, पण आधी ऐक. आबांनी महाद्वार रोडवर एका जागी अठ्ठावीस वर्षं उभं राहून फोटो काढले. दुकान नाही, छप्पर नाही. गळ्यात कॅमेरा, काखेत वही आणि पाठीमागं खिळ्याला टांगलेला काचेचा बोर्ड. दर्शनाला आलेली माणसं त्या बोर्डातले फोटो बघायची आणि थांबायची. आबा फोटो काढायचे, नाव-गाव लिहून घ्यायचे, मी ते घरच्या वहीत नंबर घालून उतरवायची, आणि आठ दिवसांनी फोटो पत्त्यावर टपालानं पाठवायची; निगेटिव्ह तेवढं पाकिटात घालून घरी राहायचं. बोर्डात फोटो लावायचा तर आबा त्या माणसाला विचारायचे. नाही म्हटलं तर नाही. भुकेल्या दिवसांतसुद्धा नाही. एकदा एका बाईचा इतका सुंदर फोटो आला होता की मी म्हटलं, लावा हो, गिऱ्हाईक दुप्पट होईल. म्हणाले, "ती न्हाय म्हटलीया. ज्येचा चेहरा त्येची मालकी. आपुन निस्ता उजेड पकडायचा." आणि काही जण असे असायचे की फोटो तर हवा, पण तो दुसऱ्या कुणाच्या नजरेला कधीच पडता कामा नये. ते हात जोडायचे. आबा त्यांना देवळाच्या शिखराकडं हात करून शब्द द्यायचे. घरी आल्यावर मला म्हणायचे, "शालू, ह्येला टिपका." मी करंड्यातलं कुंकू ओलं करून बोटानं निगेटिव्हच्या पाकिटाच्या कोपऱ्यावर ठिपका द्यायची, आणि वहीत नंबरासमोरही. त्या पाकिटाला मग आम्ही दोघंही हात लावायचो नाही. अकरा वह्या आहेत. त्यात तेवीस ठिपके.

कोडोलीची तानाबाई तुला आठवते का? दर नवरात्रात ओटी भरायला येते, जाताना आपल्याकडं येऊन तुला गूळ-शेंगदाणे द्यायची ती. तिचा नवरा ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीखाली गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. लग्नात फोटो काढले नव्हते, नंतर काढू म्हणत राहिले. तो गेल्यावर दोन वर्षांनी ती एकटी महाद्वाराला आली आणि आबांना म्हणाली, "दादा, माझा कुकू लावून फोटो काढशीला? मालक हुते तवा ऱ्हायला." रस्त्यावर कसा काढणार? आबा तिला घरी घेऊन आले. मी देवाधर्माची बाई. विधवेच्या कपाळाला कुंकू लावायचं म्हटल्यावर माझा हात आखडला, खोटं का बोलू. मग तिच्या तोंडाकडं बघितलं, देव्हाऱ्याकडं बघितलं, आणि लावलं. माझं मंगळसूत्र तिच्या गळ्यात घातलं, माझ्या हिरव्या बांगड्या दिल्या. आपल्या मागच्या अंगणात, मोरीच्या भिंतीला चादर बांधून आबांनी तो फोटो काढला. तिनं कपाळ पुसलं, बांगड्या उतरवल्या, आणि माझ्या पाया पडली. मी तिच्याहून चारच वर्षांनी मोठी होते. फोटो टपालानं नको म्हणाली, स्वतः येऊन पदराखाली घालून नेला. निगेटिव्हला ती काच म्हणते. अजूनही दर वर्षी विचारते, "वैनी, माझी काच हाय न्हवं नीट?" आणि मी म्हणते, हाय. तिचा तो फोटो आता हात धुवायच्या बेसिनवर लावलाय. खाली लिहिलंय, "कोल्हापुरी ठसका, १९८७". तिचा नवरा कधी गेला हे कोडोलीत पोराटोरांना ठाऊक आहे. विजयसिंहाची सासरवाडी कोडोलीची आहे, आणि रविवारी तिथून दोन गाड्या भरून माणसं येणार आहेत. साल छापायची काय नड होती रे तुम्हाला?

ज्ञानू पैलवानाचं तर मी बोलूच नये. खासबागेत कुस्ती हरल्यावर मैदानामागं मातीत बसून तो लहान पोरासारखा रडत होता, आबांनी सवयीनं बटण दाबलं. त्यानं उठून कॅमेऱ्याला हात घातला, आणि तेवढ्या ताकदीचा गडी मग आबांच्या पायावर वाकला. "दादा, बापाला दावू नका. कुनालाच दावू नका." त्याचा तो रडका चेहरा तुम्ही जेवणाच्या हॉलमध्ये मधोमध लावलात, आणि खाली लिहिलंत, "आमचा तांबडा रस्सा: डोळ्यांत पाणी येणारच!" विजयसिंहानं मला तो मुद्दाम दाखवला. "ह्यो फोटो सगळ्यांस्नी लई आवडतोय काकू." आज ज्ञानू साठीला आलाय, तालमीत पोरांना शिकवतो, पोरं त्याला वस्ताद म्हणतात. ती पोरं तिथं रस्सा ओरपायला जाणार नाहीत असं वाटतं तुला?

तू म्हणशील, आई, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, काळ बदललाय. बदललाय, हे मला पुण्याहून कुणी सांगायला नको. रोज दुपारी जेवण झालं की तुझे आबा भिंतीला टेकून बसतात आणि मी वही वाचते. नंबर, नाव, गाव. एवढंच. पण ते ऐकून त्यांना सगळं दिसतं. मी म्हणते, दोनशे चौदा, सौ. अमुक, कुरुंदवाड. ते म्हणतात, "टांग्यातनं उतारली हुती. भवानी मंडपाजवळ टांग्यांची रांग असायची. घोडा आला फोटोत, म्हनून नवरा भांडला." मी म्हणते, नऊशे दोन. ते म्हणतात, "गंगावेशीत म्हशीची धार काढून गिलास तोंडाला लावलेला. मिशीला फेस." असं करत करत ते गाव फिरून येतात. टांगे गेले, टॉकीजा गेल्या, मिलचा भोंगा गेला. रंकाळ्याच्या काठावर बायका धुणं धूत बसायच्या, तिथं आता कारंजी आणि फोटो काढून घ्यायला प्लास्टिकची पाखरं ठेवलीत. ज्या कौलारू घरांवरून किरणोत्सवाचा उजेड देवीपर्यंत यायचा, तिथं मजले चढले, आणि किरणं अडली की माणसं पेपरात पत्रं लिहितात. रस्ता रुंद करायला गाडी आली तेव्हा आबांचा बोर्ड खिळ्यासकट गेला. त्याचं त्यांनी काही वाटून घेतलं नाही. वाटून घेतलं ते मोबाइलचं. "आता मान्सं सोताकडंच बघून हासाय लागली. माझ्याकडं बघून हासायची ती ग्येली," एवढंच म्हणाले, आणि कॅमेरा जुन्या धोतरात गुंडाळून ठेवला. त्या दिवसापासून त्यांचं कोल्हापूर त्या वह्यांत आहे. आणि एक तुला कधी सांगितलं नाही. वाचायला आम्ही नेहमी दोन नंबरापासून सुरू करतो. एक नंबर वाचत नाही.

पुढं तू मला ऐकवशील, आई, तूच नाही का निघाली होतीस ती निगेटिव्हं विकायला? व्हय, निघाले होते. तू सातवीत होतास, तुला आठवतंय म्हणजे मला नाकारता येत नाही. हुपरीचा चांदीवाला फोटो धुतलेलं औषधाचं पाणी न्यायचा, त्यातून चांदी काढायचा. मी ते पाणी सांडू द्यायची नाही, कॅनमध्ये साठवायची. आपल्या देव्हाऱ्यातला देवीचा टाक त्याच चांदीचा आहे, विकतचा नाही. पुढं तो म्हणाला, जुनी निगेटिव्हं द्या, त्यात जास्त निघते. मी डबे बाहेर काढून ठेवले. आबा घरी आले, डबे बघितले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "त्यात कोन कोन हाय, इसरलीस व्हय गं?" मी त्याच पावली डबे आत नेले. तू तेव्हा विचारलंस, आई, का रडतीस? मी म्हटलं, कांदा चिरतेय. हातात कांदा नव्हता, हे तुझ्या लक्षात आलं नाही. लक्षात न येणं ही तुझी जुनी खोड आहे.

आता माझी चूक. पुराचं पाणी दोनदा घरात आलं. दोन्ही वेळा आबांनी माझा देव्हारा सोडून ते तीन डबे डोक्यावर घेतले. मी तेव्हा चिडले होते, पण भ्यालेही होते की पुढच्या पुरात हा आंधळा माणूस डब्यांपायी वाहून जाईल. म्हणून तू दोन वर्षांमागं म्हणालास, कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आणि परत आणून देतो, तेव्हा ते देवळात गेले असताना मी सगळी पाकिटं तुझ्या बॅगेत भरली. त्यांना न विचारता. डबे तेवढे ठेवून घेतले आणि आत माझी जुनी पंचांगं भरली, वजन लागावं म्हणून. तुझे आबा रोज सकाळी देवाला हात जोडून झाले की कॉटखाली हात घालतात, तिन्ही डबे चाचपतात, आणि मग चहा पितात. ते पंचांगांना हात लावतात, आणि मी कप घेऊन उभी राहते. दोन वर्षं. माझ्या हातची पूजा देवीला कशी पोचत असेल, तूच सांग.

आणि तू फोन केला होतास. हेही मी विसरलेले नाही. गेल्या दिवाळीच्या आधी. "आई, काही पाकिटांवर लाल ठिपका आहे, तो कशाचा?" मी पुरण वाटत होते, आबा हाताच्या अंतरावर बसलेले. मी म्हटलं, "नंतर सांगते," आणि फोन ठेवला. नंतर सांगितलं नाही. एका ठिपक्याचं सांगायला गेले असते तर सगळ्यांचं सांगावं लागलं असतं, आणि त्यातल्या एकाचं सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. तुला सवड नव्हती, मला धीर नव्हता. पण मी न सांगितल्याची शिक्षा तानाबाईनं आणि ज्ञानूनं भोगायची काय? तू एवढा शिकलास, मोठमोठ्या लोकांची घरं आतून सजवतोस, तुला एकदा वाटलं नाही की ही जिवंत माणसं आहेत, त्यांची गावं बसनं तासाभरावर आहेत, वहीत त्यांचे पत्ते आहेत? मोडीत नाहीत, बाळबोध लिपीत आहेत. माझं अक्षर वाईट नाही.

आबांना तू फोनवर सांगितलंस, तुमचे फोटो लागलेत, तुमचा सत्कार आहे. तेव्हापासून या घरात लग्न असल्यासारखं चाललंय. ट्रंकेतला कोट काढायला लावला, उन्हात घालायला लावला, बटण लावून घेतलं. न्हाव्याला घरी बोलावलं. गल्लीत जो भेटेल त्याला सांगतात, "पोरानं माझं नाव काढलं." त्यांना वाटतंय टांगे लागलेत, दूधकट्टा लागलाय, रंकाळा लागलाय. काल मला म्हणाले, "शालू, तितं गेल्यावर तू मला भितीपाशी ने. एकेक फोटो नुस्ता सांग, म्हंजी माझं मी बघतो." मी काय सांगू त्यांना? तानाबाई सांगू, ज्ञानू सांगू? देवळाच्या शिखराकडं हात करून दिलेला शब्द बेसिनवर टांगलाय, हे मी त्यांच्या कानात सांगू? खोटं सांगावं तर दुसरं कोणीतरी मोठ्यानं वाचेल, हसेल. त्या माणसानं आयुष्यात दुसरं काही कमावलेलं नाही रे. हे घर भाड्याचं, कॅमेरा जुना. शब्द तेवढा होता. तो ते फुकट द्यायचे आणि पाळायला मात्र सगळं घर कामाला लावायचे. आज सकाळी पुन्हा विचारलं त्यांनी, "दारात कुटला फोटो लावलाय म्हनं?" मी म्हटलं, ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

दारातला फोटो सगळ्यात मोठा. तू म्हणाला होतास ना, "आई, आबांचं सगळ्यात भारी काम दारातच लावलंय." बाई दगडी पायरीवर बसलीय, पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं झोपलेलं बाळ. बाजूनं येणारं ऊन. खाली लिहिलंय, "निवांत". धैर्यशील, ती पायरी रंकाळ्याची नाही, सरकारी दवाखान्याची आहे. ती बाई मी आहे. आणि बाळ झोपलेलं नाही. तुझ्या आधी दोन वर्षं तुला बहीण झाली होती. पाच महिन्यांची होती, ताप आला आणि दोन दिवसांत गेली. ते पाच महिने आबा रोज विचारायचे, "एक काढू काय गं पोरीचा?" आणि मी रोज म्हणायची, रोलात बारा फोटो, ते बारा गिऱ्हाइकांचे. घरचं माणूस कुठं पळून जातंय? त्या दिवशी ते महाद्वारावरून तसेच धावत आले, कॅमेरा गळ्यात, रोलात शेवटचा एक राहिलेला. मीच म्हटलं, काढा. ते नको नको म्हणत होते, मी ओरडून काढायला लावला. नंतर कितीतरी दिवसांनी एकदा म्हणाले, "उजेड चांगला पडला हुता. मला त्येचीच लाज वाटती." म्हणून तुझा पहिला फोटो तू नऊ दिवसांचा असताना निघाला, आणि मग दर महिन्याला एक, माझ्या हट्टानं. म्हणून तुझी लेक भैरवी झाली तेव्हा तू रोज पन्नास-पन्नास फोटो पाठवायचास आणि तुझी ही चिक्कू आई एकदाही पुरे म्हणाली नाही. वही मी त्या आठवड्यात सुरू केली. पहिला ठिपका तोच. नंबर एक, कु. संयोगिता जोतीराम, गाव कोल्हापूर. पत्त्याची जागा रिकामी आहे, कारण तो कुठं पाठवायचा मला कळलं नाही. तुला मी कधी सांगणार नव्हते, पण रविवारी त्या दारातून मी तुझ्या आबांना हाताला धरून आत नेऊ शकत नाही. तेव्हा बाकीचे बावीस विजयसिंहाच्या माणसांकडून उतरव, हा एक मात्र तू स्वतः उतरव. त्याचं पाकीट टपालानं पाठवू नकोस, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. शनिवारीच ये, आल्यावर हातपाय धू, आणि ते त्यांच्या ओंजळीत ठेव. काय आहे ते सांगायची गरज पडणार नाही. मी तेव्हा तिथंच असेन. पंचांगांचंही सांगून टाकेन. मग दुपारी तू आमच्याजवळ बस, मी वही काढते. या वेळी एक नंबरापासून वाचायची आहे.

राग उतरलेला नाही. आशीर्वाद तरीही लिहिते. एवढी वर्षं तुला एकट्याला लिहीत आले, आज दोघांना लिहिते.

तुझीच, आणि तिचीही,
आई